धागा : समुद्रावर ड्रोन उडवायचाय, खान्देशातून जाताना काय शिकून जावं?

तापीकाठ (चोपडा तालुका)
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सवडीने वाचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातवीचा भूगोल माझ्याकडे. त्यात भरती-ओहोटीचा धडा आहे आणि वाऱ्यांच्या धड्यात खारे वारे, मतलई वारे. आमच्या पोरांनी पाणी पाहिलंय ते तापीचं. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की नदी चढते, चार दिवसांनी उतरते, एवढं त्यांना डोळ्यांनी ठाऊक. पण आभाळात ढगाचा ठिपका नसताना पाणी दिवसातून दोनदा चढतं नि दोनदा उतरतं हे त्यांना खरंच वाटत नाही, आणि फळ्यावर चंद्र-पृथ्वीचे गोल काढून ते वाटणारही नाही. म्हणून ठरवलं की एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून भरतीचा आणि ओहोटीचा किनारा शूट करायचा आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून वर्गात दाखवायची. तापीची लांबी ७२४ किलोमीटर आणि पुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, म्हणजे आपली नदी जेवढी वाहते जवळजवळ तेवढाच समुद्रकाठ आपल्या राज्याला आहे, आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी त्यातला एक मीटरही पाहिलेला नाही, हे मला लागून राहिलंय.

ड्रोन सेकंडहँड घेतला, अडीचशे ग्रॅमच्या आतला. शाळेच्या मैदानावर महिनाभर उडवला, हात बसला असं वाटलं. गेल्या जानेवारीत दोन सहकाऱ्यांसोबत केळशीला गेलो. सकाळी पावणेसातला सुरूच्या बनापुढे खाडीच्या अंगाला उभे होतो, काडी हलत नव्हती. ड्रोन वर घेतला, शंभर मीटरवर नेला आणि समुद्राकडे सोडला. इतका सुसाट गेला की मी म्हटलं आज हवा एकदम छान आहे. सातशे मीटरवर थांबवून मागे वळवला तेव्हा बॅटरी ४६ टक्के होती. आणि मग स्क्रीनवरचा अंतराचा आकडा हलेचना. ६९६, ६९१, ६८८. वाऱ्याचा इशारा येऊन बसलेला. मी रिमोटची काडी पुढे दाबून धरली, अंगठा पांढरा पडला, सोबतचे सर नुसते बॅटरीचा आकडा मोठ्याने वाचत होते. किनाऱ्यापासून दीडशे मीटर राहिला तेव्हा तो आपोआप खाली उतरायला लागला, पाण्यावर. स्क्रीनवर लाटेचा फेस मोठा मोठा होत आला आणि चित्र गेलं.

मतलई वारे मी बारा वर्षं शिकवतोय. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पहाटे-सकाळपर्यंत. बन मागे होतं म्हणून तो वारा मला खाली लागला नाही, वर मात्र तो होताच. आता पैसे साठवून दुसरा घेतोय आणि डिसेंबरात परत जायचंय. ह्यावेळी नीट शिकून जाणार. ज्यांनी समुद्रावर उडवलाय त्यांनी सांगा, आणि जे चुकलेत त्यांनी तर नक्कीच सांगा.

लग्नसराई_धुळे
सर, वाचून वाईट वाटलं. मी लग्नाचं शूटिंग करतो, प्री-वेडिंगसाठी दरवर्षी तीन-चार पार्ट्या कोकणात घेऊन जातो, त्यामुळे थोडं सांगू शकतो. आधी नियमाचं बोलतो कारण तिथे लोक फसतात.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोलाही लागत नाही जर धंद्यासाठी उडवत नसाल तर. मी पैसे घेऊन मायक्रो उडवतो म्हणून मी ते काढलंय. एक बारीक गोष्ट, नॅनोवाले मोठी बॅटरी नाहीतर पात्यांचे गार्ड लावतात आणि वजन २५० च्या वर जातं, मग तो ड्रोन नॅनो राहत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा सगळं लावून ठेवून बघाच.

मग नकाशा. सरकारच्या नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात, हिरव्यात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच, पिवळ्यात विमान नियंत्रणाची परवानगी. कोकणात लोकांना वाटतं की मोकळा समुद्र आहे, कोण विचारतंय. पण सिंधुदुर्गचा विमानतळ चिपीला आहे, २०२१ ला सुरू झालेला, आणि भोगवे, निवती हे फोटोवाले किनारे त्याच्या अगदी उशाशी. रत्नागिरीला कोस्ट गार्डचा विमानतळ. आणि किल्ले. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे सगळे पुरातत्त्व खात्याकडचे संरक्षित किल्ले, त्यांच्यावर लेखी परवानगीशिवाय ड्रोन नाही. नवरा-नवरी कितीही मागे लागली तरी मी नाहीच म्हणतो. शिवाय स्थानिक पोलिसांचे तात्पुरते मनाईचे आदेश निघत असतात, ते नकाशात दिसतीलच असं नाही, म्हणून मी पोचल्या पोचल्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारून येतो, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि नवीन घेताना बिलाचा घ्या सर. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, बाजारात जे फिरतात त्यातले बरेच कागद नसलेले असतात.

नवखा_नंदुरबार
एक शंका आहे भो. आम्हाला नंदुरबारहून कोकण लय लांब पडतं, सुरत मात्र तापीलाईनच्या गाडीने अर्ध्या दिवसात. तापी जिथे समुद्राला मिळते तिथेच का नको? मुलताईपासून निघालेली आपली नदी, प्रकाशाला आमच्या दारातून जाते, तिचा शेवट वरून दिसला तर पोरांना लगेच समजेल.

लग्नसराई_धुळे
कल्पना लाखातली आहे दादा, पण डुमसच्या रस्त्यावरच सुरतचा विमानतळ आहे आणि पलीकडच्या काठाला हजिऱ्याचे कारखाने नि बंदर. तिथे उडवायचा विचारही करू नका. पायी बघायला मात्र जरूर जा, ओहोटीला पाणी इतकं आत जातं की किनारा संपतच नाही असं वाटतं, आणि वाळू काळी.

काळ्या वाळूवरून आठवलं. गणपतीपुळ्याच्या पुढे मालगुंडला मी सरळ वाळूवर पॅड टाकून ड्रोन सुरू केला तर कंपास एरर. पुन्हा कॅलिब्रेट केला, पुन्हा एरर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे आहेत, त्यात इल्मेनाईट नि मॅग्नेटाइट ही लोखंडाचा अंश असलेली खनिजं असतात. घरून चुंबक नेऊन बघा, बुडवलं की त्याला काळी मिशी फुटते. पन्नास पावलं सरकून पांढऱ्या वाळूवर गेलो तर लगेच ठीक. जेटीवर पण हाच त्रास, काँक्रीटमध्ये सळ्या असतात. कंपासची तक्रार असताना जबरदस्तीने उडवू नका, तो वर गेल्यावर गोल गोल फिरायला लागतो आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही.

ड्रोनताई_शिरपूर
नमस्कार सर. मी बचतगटातून ड्रोन चालवायला शिकले, नमो ड्रोन दीदी योजनेत. माझा ड्रोन मोठा आहे, फवारणीचा, दहा लिटरच्या टाकीचा. समुद्र मी पाहिलेला नाही, पण वारा मला रोज बघावा लागतो कारण कपाशीवर मारलेलं औषध शेजारच्याच्या वावरात गेलं तर भांडण माझ्या अंगावर येतं. म्हणून तुमच्या प्रसंगाचा हिशेब मांडते.

समजा तुमचा लहान ड्रोन नॉर्मल मोडला सेकंदाला १० मीटर जातो. वर वारा आहे सेकंदाला ८ मीटर, समुद्राकडे वाहणारा. जाताना १० अधिक ८ म्हणजे १८, सहाशे मीटर अर्ध्या मिनिटाच्या जरा वर. येताना १० वजा ८ म्हणजे २. तेच सहाशे मीटर यायला पाच मिनिटं! तुमच्याकडे तर वारा ह्याहून जास्त असणार. तुम्ही म्हणालात सुसाट गेला, तोच खरा इशारा होता. न दाबता जो ड्रोन पळतो त्याला वारा पळवत असतो, हे आम्हाला ट्रेनिंगला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

मग करायचं काय तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वारा असेल तर तुम्हाला आत जाताना जोर लागेल पण परत येताना तो तुम्हाला ढकलत आणेल. सकाळचं उलटं. म्हणून सकाळी सरळ आत जाऊच नका, किनाऱ्याला धरून लांबीने उडवा, शंभर-दीडशे मीटरच्या पुढे पाण्यावर नको. आणि अडकलात तर दोन गोष्टी, खाली या, कारण वर जेवढा वारा असतो तेवढा खाली नसतो, आणि स्पोर्ट मोड टाका. लहान ड्रोन स्पोर्टला १६ पर्यंत जातात, म्हणजे १६ वजा ८, आठ. तेच अंतर सव्वा मिनिटात. घरी-परत बटणावर त्या वेळी भरवसा ठेवू नका, तो आपली ठरलेली उंची गाठायला आधी वर जातो, म्हणजे आणखी वाऱ्यात.

वर गेल्या गेल्या वीस मीटरवर थांबवा, मग चाळीसवर, मग साठवर, प्रत्येक ठिकाणी काडी सोडून बघा ड्रोन किती वाकडा उभा राहतोय. जितका वाकडा तितका वारा. मी अजून रोज असंच करते.

तापीकाठ
ताई, तुमचा हिशेब मी वहीत उतरवून घेतलाय आणि तो गणिताच्या तासाला पोरांना घालणार आहे. वेग, अंतर, वेळ ह्याचं ह्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. मी खाली आलोच नाही, शंभरवरच राहिलो, आणि स्पोर्ट मोड आहे हेच विसरलो होतो. घाबरलेलं डोकं एकच काडी दाबत राहतं.

केळीबाग_रावेर
सर, सरावाला मैदान कामाचं नाही, पाणी पाहिजे. आमच्या बागेत शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद टाकलेलं, पाणी एकदम नितळ. माझ्या पुतण्याने त्याच्यावर ड्रोन धरला तर गंमत बघा, मैदानावर खिळ्यासारखा उभा राहणारा ड्रोन पाण्यावर दोन मीटरवर असताना हळूहळू सरकायला लागला, मधेच खाली बसायला लागला. त्याच्या पोटाखाली कॅमेरे असतात, ते खालची जमीन बघून जागा धरतात, पाण्यावर त्यांना धरायला काही मिळत नाही, लाट हलली की त्यांना वाटतं आपणच हललो. समुद्रावर तर हे कितीतरी जास्त होणार. तेव्हापासून आमचा नियम, पाण्याच्या पाच-सहा मीटरच्या आत जायचंच नाही.

रविवारी या, सकाळी. भरीत नि कळण्याची भाकरी होईल, तुरीचं कुंपण आडवं येत नाही, विजेच्या तारा एका बाजूलाच आहेत. शेततळं झालं की तापीच्या पात्रात जाऊ, तिथे दुपारी असा वारा सुटतो की टोपी राहत नाही.

पाखरू_भुसावळ
कोणी हतनूरच्या बॅकवॉटरवर सरावाला जायचं म्हणण्याआधीच लिहितो. नोव्हेंबर ते मार्च तिथे लांबून आलेली बदकं आणि पाणपक्षी हजारोंनी उतरलेले असतात. ड्रोन आला की अख्खा थवा उठतो, पुन्हा पुन्हा उठतो, आणि जे अंगावर साठवलंय ते उडण्यात खर्च होतं. शिवाय धरणाची भिंत, वरणगाव नि भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरचं वीज केंद्र, हा सगळा पट्टाच असा आहे की तिथे ड्रोन काढूच नये. शेततळंच बरं.

कोकणातही पक्ष्यांचं लक्षात ठेवा सर. हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरवांचे (सीगलचे) थवे बसलेले असतात, त्यांच्यावरून ड्रोन नेऊन उडवण्याचे व्हिडिओ लोक मुद्दाम करतात, कृपा करून ते नको. समुद्री गरुड सुरूच्या नि उंडीच्या उंच झाडांवर घरटं करतो, हिवाळा त्याच्या विणीचाच काळ, तो ड्रोनवर चाल करून येतो. घार पण येते. तशी आली तर खाली पळू नका, सरळ वर घ्या, झडप घालणाऱ्याला वरच्या दिशेने येणं जड जातं, आणि मग शांतपणे तिथून निघा, त्या दिवशी त्या जागी परत नाही. वेळास किंवा कासवांच्या इतर किनाऱ्यांवर गेलात तर पिल्लं पाण्याकडे जात असताना ड्रोन बॅगेतच राहू द्या. तळहातावर मावणारं पिल्लू वाळूवरून सरकत असतं, वरून कावळे नि घारी आधीच टपलेल्या, त्यात आपल्या आवाजाची भर कशाला.

तापीकाठ
पाखरूभाऊ, हतनूर माझ्या यादीत होतं, काढलं. केळीबागवाले दादा, रविवारी येतो.

एक विचारायचं राहिलं. भरतीची वेळ. मागच्या वेळी मी मोबाईलवर बघितली होती पण तिथे रेंजच नव्हती, आणि मला पोरांना पण सांगता येईल असं काही पाहिजे.

माहेर_मालवण (सासर अमळनेर)
सर, हे मला लिहू द्या! माझं माहेर मालवण-देवगड पट्ट्यातलं, लग्न होऊन अमळनेरला आले त्याला चौदा वर्षं झाली, इकडे समुद्राचं कोणी विचारलं की जीव आनंदतो.

भरतीला मोबाईल लागत नाही, कालनिर्णय लागतं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांना चालतं. अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमारास भरती येते आणि ती उधाणाची, पाणी खूप वर चढतं नि ओहोटीला खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा फरक कमी. म्हणजे तुम्हाला पोरांना मोठा फरक दाखवायचा असेल तर अमावास्या किंवा पुनव धरून या. हा मुंबईकडचा हिशेब आहे, आमच्या दक्षिणेकडे भरती त्याच्या थोडी आधी येते, तेवढं सोडायचं.

दुसरं मनापासून सांगते, ड्रोन काढण्याआधी माणसांना विचारा. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय खात्याचे ड्रोन बेकायदा मासेमारी बघायला फिरतात, त्यामुळे डोक्यावर घरघर झाली की आमच्याकडे सगळे मान वर करतात, हा कुणाचा म्हणून. कुणी बाई आंघोळीला, कुणी मासळी वाळत घालतेय, तिलाही बरं वाटत नाही. भावाला फोन केलाय मी, आमच्या गावचा किनारा विमानतळापासून लांब आहे, अभयारण्याच्या बाहेर आहे, पोलीस पाटलांशी तो बोलून ठेवेल. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली तर ती पण बघायला मिळेल तुम्हाला. घरीच उतरा, लॉज शोधू नका.

तापीकाठ
ताई, काय बोलू. येतो.

तापीकाठ
(काही आठवड्यांनी)
आलो परत. ड्रोनही परत आला, हे आधी सांगतो.

रावेरच्या शेततळ्यावर तीन रविवार काढले. पहिल्या दिवशी पाण्यावर ड्रोन सरकला तेव्हा मी दचकून काडी ओढली, तिसऱ्या रविवारी तो सरकायच्या आधी मला कळत होतं. मग तापीच्या पात्रात ड्रोनताईंचं वीस-चाळीस-साठ केलं. साठवर तो असा तिरका उभा राहिला की मी लगेच खाली घेतला, आणि ताई, चाळीसवर खरंच निम्मा वारा होता.

आम्ही अमावास्या धरून गेलो. ताईंच्या भावाकडे उतरलो, त्यांनी पहिल्या संध्याकाळी ड्रोन काढूच दिला नाही, म्हणाले आधी किनाऱ्यावर बसा. बसलो. पाच वाजता समुद्रावरून येणारा वारा अंगाला लागत होता, अंधार पडला तसा तो पडला, मधे काही वेळ काहीच नाही, आणि रात्री जेवून पुन्हा गेलो तर पाठीला गार झुळूक, जमिनीकडून. एका संध्याकाळी दोन्ही वारे अंगाने घेतले. बारा वर्षांत फळ्यावर काढलेले ते बाण मला पहिल्यांदा पाठीला लागले.

जागा ठरवली ती एका कातळाची, किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, पांढऱ्या वाळूत वर आलेला. कातळावर पॅड, साठ मीटर उंची, कॅमेरा सरळ खाली. सकाळी साडेअकराला भरती, कातळाच्या पायाला पाणी, फेस वर चढलेला. संध्याकाळी पाच-सव्वापाचला ओहोटी. तोच कातळ, तीच उंची, आणि पाणी इतकं मागे गेलेलं की मधे वाळूवर लाटांच्या नक्ष्या उघड्या पडल्या होत्या, छोट्या छोट्या खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांच्या रांगोळ्या साठ मीटरवरून दिसत नाहीत, त्या मी वाकून मोबाईलवर घेतल्या. भावाने दोरी धरून मोजलं, चौऱ्याऐंशी पावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात, होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धगोल घेते आणि दुसरं टोक लांब दुसरीकडे आणून देते, मग दोन्हीकडे माणसं रांगेने दोर ओढतात, म्हातारे, पोरं, बाया. भावाने त्यांच्या म्होरक्या आजोबांना विचारलं. आजोबांनी मला विचारलं, खंयसून इलास? म्हटलं जळगाव जिल्हा. थोडा विचार करून म्हणाले, केळी येतत थंयसून. मग म्हणाले, जाळा भायर येयपर्यंत खाली आणू नको, पाखरां बिथरतत. मी ऐंशी मीटरवर ठेवला आणि हललोच नाही. वरून काय दिसत होतं सांगू, निळ्या पाण्यात एक ओवलेली माळ, तिची बुचं टिपक्या-टिपक्यांची, आणि दोन्ही टोकांना मुंग्यांसारखी माणसं, माळ लहान लहान होत येतेय. चौदा मिनिटं मी फक्त बॅटरी बघितली आणि चित्र बघितलं, काडीला हात लावला नाही. मग खाली उतरवून बॅगेत ठेवला आणि शेवटचा दोर ओढायला गेलो. हाताला दोराचे वळ अजून आहेत. तारली नि बांगडे निघाले, वाटे पडले, आणि आम्हालाही एक वाटा दिला, नको म्हटलं तर आजोबा रागावले.

नवखा_नंदुरबार
सर अंगावर काटा आला वाचून. सेटिंग काय ठेवलं होतं? माझे पाण्याचे व्हिडिओ पांढरे फटक येतात.

तापीकाठ
धुळ्याच्या दादांनी फोनवर सांगितलं तेच केलं, ते नीट सांगतील.

लग्नसराई_धुळे
सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि शटर त्याच्या दुप्पट, १/५०, म्हणजे लाट खरी वाटते, तुटक वाटत नाही. पण भर उन्हात १/५० ला चित्र जळतं म्हणून समोर एनडी फिल्टर लागतो, काळ्या काचेचा, दुपारी एनडी१६ किंवा ३२. पांढरं फटक येतं ते पाण्यावरच्या चकाकीने, त्याला पोलरायझर असलेला फिल्टर, तो फिरवून फिरवून बघायचा, एका कोनात चकाकी जाते आणि तळाचे खडक दिसायला लागतात. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळचा उजेड तुमच्या पाठीमागून पाण्यावर पडतो, रंग चांगला मिळतो, आणि सरळ खाली बघायचं असेल तर ऊन वर आल्यावर. संध्याकाळी सूर्य समोर, तेव्हा फक्त छाया मिळतात.

आणि सरांनी जे केलं ते शिका. समुद्र आपला आपण हलतो, ड्रोन हलवायची गरज नाही. नवीन पोरं गोल फिरवतात, वर-खाली करतात, बघणाऱ्याला लाट दिसतच नाही.

एक काळजीचं, परत आल्यावर ड्रोन कोरड्या मऊ फडक्याने पुसा, मग किंचित ओलसर फडक्याने, मोटारींमध्ये ब्रशने वाळूचा कण राहू देऊ नका. खारी हवा दिसत नाही पण पंधरा दिवसांनी मोटार कुरकुर करायला लागते. बॅटरी निम्मी भरून ठेवा, आणि आपल्या मे महिन्यात बंद गाडीत तर कधीच नको, फुगते. खाऱ्या पाण्यात पडलेली बॅटरी सापडली तरी चार्ज करायची नाही, आग लागू शकते.

केळीबाग_रावेर
सर, वर्गात दाखवलं का?

तापीकाठ
सोमवारी दाखवलं. दोन्ही चित्रं शेजारी. पहिली दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, सर, पण पाणी गेलं कुठं? तेवढ्यासाठी मी केळशीला ड्रोन घालवला होता असं मला वाटलं. मग चंद्राचं चित्र फळ्यावर काढलं आणि ह्यावेळी ते पोरांनी वहीत न सांगता उतरवलं. ताईंचा वाऱ्याचा हिशेब गणिताला घातला, चौघांनी तोंडी सोडवला. कालनिर्णय आणून पाऊणपट करायला लावली तर आता रोज एकजण उठून सांगतो की आज मालवणला भरती किती वाजता.

माहेर_मालवण
सर, दादाचा फोन आला होता. आजोबांना रापणीचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला म्हणे, जन्मभर दोर ओढला पण आपली रापण वरून अशी दिसते हे पहिल्यांदा बघितलं म्हणाले. चार वेळा बघितला. परत कधी येताय विचारत होते.

तापीकाठ
ताई, आजोबांना नमस्कार सांगा. मार्चमध्ये परीक्षेआधी एक अष्टमी धरून यायचंय, भांगाची भरती त्याच कातळावरून घ्यायची राहिलीय, पोरांना उधाण आणि भांग दोन्ही शेजारी दाखवायचे आहेत. पॅड कुठे ठेवला होता ते विसरू नये म्हणून तुमच्या भावाने कातळावर उधाणाच्या रेषेच्या वर पिवळ्या ऑइलपेंटने गोल काढून ठेवलाय. तो पुसला गेला नाही ना तेवढं त्यांना अधूनमधून बघायला सांगा.